पोड ते प्रसूतिगृह : पांढरकवडा परिसरातील टाळता येण्याजोगे माता-बालमृत्यू

प्रस्तावना

गर्भारपणात, बाळंतपणात किंवा गर्भारपण संपल्यानंतरच्या ४२ दिवसांत, त्या गर्भारपणामुळे उद्भवलेल्या अथवा त्यामुळे बळावलेल्या कारणाने स्त्री दगावली, तर त्या मृत्यूला मातामृत्यू म्हणतात. जन्मापासून २८ दिवसांच्या आत बाळ गेले तर तो नवजात मृत्यू, वर्षाच्या आत गेले तर अर्भकमृत्यू आणि पाच वर्षे पुरी होण्याआधी गेले तर बालमृत्यू, अशी वर्गवारी लोकसंख्याशास्त्रात रूढ आहे. यांतील बहुसंख्य मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, हे विधान आता सरकारी अहवालांत आणि भाषणांत इतक्या सहजपणे येते की त्याचा अर्थ प्रारंभीच निश्चित करून घेणे आवश्यक ठरते. ज्याचा उपाय वैद्यकशास्त्राला अनेक दशकांपासून ठाऊक आहे, जो उपाय महागडा नाही आणि त्याच जिल्ह्यात कोठेतरी उपलब्धही आहे, परंतु ज्या घरी आणि ज्या तासाला तो हवा होता तेथे तो पोहोचला नाही, अशा मृत्यूला येथे टाळता येण्याजोगा मृत्यू म्हटले आहे. ही व्याख्या मान्य केली की अभ्यासाचा रोख आजारांच्या यादीकडून अंतर, वेळ आणि नोंद या तीन बाबींकडे वळतो, आणि या तिन्ही बाबी एखाद्या विशिष्ट भूभागात पाय रोवून पाहिल्याशिवाय समजत नाहीत.

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा हा असा भूभाग आहे. केळापूर तालुक्याचे हे मुख्यालय नागपूर-हैदराबाद महामार्गावर वसलेले असून येथे उपजिल्हा रुग्णालय आहे आणि आदिवासी विकास विभागाच्या एकात्मिक प्रकल्पाचे कार्यालयही आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथून साठ-सत्तर किलोमीटरवर, तर नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. दक्षिणेकडे पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. कापसाच्या या मुलखात गोंड, परधान, आंध आणि कोलाम या आदिवासी जमाती राहतात, आणि त्यांतील कोलाम ही केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून मान्य केलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी एक आहे; कातकरी आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन. कोलामांची वस्ती ‘पोड’ या नावाने ओळखली जाते. पोड बहुधा मूळ गावापासून वेगळे, टेकडीच्या उतारावर किंवा जंगलाच्या कडेला असते, आणि महसुली नकाशात ते गावाच्या पोटात धरलेले असल्यामुळे गावाला रस्ता झाला की पोडालाही रस्ता झाल्याची नोंद कागदावर होऊन जाते. कोलामी ही द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा आहे, तेव्हा रुग्णालयाच्या भिंतीवरील मराठी फलक आणि घाईत दिलेल्या मराठी सूचना पोडातील वयस्क बायांपर्यंत कितपत पोहोचतात, हाही आरोग्याचाच प्रश्न समजला पाहिजे.

महाराष्ट्राची सरासरी या विषयात अभिमानास्पद आहे, हे प्रथम निःसंकोचपणे नोंदवले पाहिजे. नमुना नोंदणी पद्धतीच्या, म्हणजे निवडक गावे व शहरी भाग सतत निरीक्षणाखाली ठेवून काढलेल्या अंदाजांनुसार, २०१८-२० या काळात राज्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले, तर देशाचा आकडा ९७ होता. २०२० साली राज्याचा अर्भकमृत्यू दर हजारी १६ आणि नवजात मृत्युदर हजारी ११ होता, देशाचे हेच दर अनुक्रमे २८ आणि २० होते. संयुक्त राष्ट्रांनी २०३० सालापर्यंत जगासाठी ठेवलेली उद्दिष्टे, म्हणजे मातामृत्यू लाखामागे ७० पेक्षा कमी आणि नवजात मृत्यू हजारी १२ पर्यंत, ही राज्याने मुदतीआधीच गाठली आहेत. परंतु सरासरीत मुंबई-पुण्याचे प्रसूतिगृह आणि केळापूर तालुक्यातील पोड एकाच बेरजेत मिसळून जातात. शिवाय लहान प्रदेशाला असे दर लावण्यात एक मूलभूत अडचण आहे. दीड लाख लोकसंख्येचा तालुका गृहीत धरला आणि जन्मदर हजारी पंधरा मानला, तर वर्षाला सुमारे सव्वादोन हजार बाळे जन्मतील. राज्याच्या सरासरीने त्यांच्यामागे वर्षाला एकही पूर्ण मातामृत्यू अपेक्षित नाही. साहजिकच एखाद्या वर्षी तालुक्यात एकही माता दगावली नाही, तर त्यावरून व्यवस्था सुधारल्याचे सिद्ध होत नाही, आणि दोन माता दगावल्या तर दर एकाएकी भयावह दिसू लागतो. तालुक्याच्या पातळीवर टक्केवारी आणि दर यांचा उपयोग म्हणूनच मर्यादित आहे. तेथे एकेका मृत्यूची तासागणिक हकिकत गोळा करणे हीच खरी पद्धत होय. नवजात बालकांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे, कारण त्याच गृहीत तालुक्यात राज्याच्या सरासरीनेसुद्धा वर्षाला पंचवीसच्या आसपास बाळे महिन्याच्या आत जातील, आणि इतक्या घटनांतून कारणांचा आकृतिबंध निश्चितपणे दिसू लागतो.

मातामृत्यूंच्या कारणांत प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव जगभर अग्रस्थानी आहे, आणि वेळेचे महत्त्व समजावून घेण्यासाठी त्याइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरच्या वर रक्त वाहत असते; वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आकुंचन पावून उघड्या रक्तवाहिन्यांची तोंडे आवळते, म्हणूनच स्त्री वाचते. हे आकुंचन झाले नाही, तर उपचाराविना मृत्यू दोन-तीन तासांच्या आत येऊ शकतो. प्रसूतीनंतर पाचशे मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त जाणे हा अतिरक्तस्राव, अशी पाठ्यपुस्तकी व्याख्या आहे. पण जिचे हिमोग्लोबिन मुळातच सात-आठ आहे तिला याहून कमी रक्त गेले तरी धोका असतो, आणि ‘बाळंतपणात अंगावरून जायचेच’ या समजुतीमुळे किती गेले हे कोणी मोजत नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांत झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची चादर घालून रक्त मोजले गेले आणि ठरावीक मर्यादा ओलांडताच सर्व उपचार एकदम सुरू केले गेले. त्यामुळे तीव्र रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी घटले. औषधे जुनीच होती, फरक मोजण्याचा आणि तत्परतेचा होता.

गर्भाशय आवळणारे मुख्य औषध ऑक्सिटोसिन हे दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि वीज जाणे नवे नाही, तेव्हा उपकेंद्रातील कपाटात राहिलेली कुपी नाव ऑक्सिटोसिनचे सांगत असली तरी तिच्यातील औषध क्षीण झालेले असू शकते. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उष्णतेत अधिक टिकतात, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे रक्तस्राव रोखणारे औषध २०१७ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीनंतर मातांसाठीही शिफारशीत आले, आणि गर्भारपणातील वाढलेल्या रक्तदाबातून येणाऱ्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे अत्यंत स्वस्त इंजेक्शन प्रभावी असल्याचे १९९५ मध्येच निर्विवादपणे सिद्ध झाले आहे. या प्रत्येक औषधाचा पुरवठा, तापमान आणि ते देण्याचा अधिकार कोणाला, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या उपकेंद्रात ठामपणे मिळतात तेथे माता वाचते. वैद्यकीय संशोधनाने आपले काम या बाबतीत बहुतांशी पुरे केले आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ साली मातामृत्यूमागील विलंबाचे तीन टप्पे मांडले: दवाखान्यात जायचे हे घरात ठरण्यातील विलंब, तेथे पोहोचण्यातील विलंब आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील विलंब. ही मांडणी आता जगभर वापरली जाते, पण तिचा खरा अर्थ स्थानिक तपशिलांतच उलगडतो. कापूस वेचणीच्या हंगामात घरातील सर्व प्रौढ माणसे शेतावर असतात आणि वेचणीची मजुरी किलोवर ठरत असल्याने तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेला रोज असतो. मजुरीसाठी कुटुंब सीमेपलीकडे गेले तर गरोदर मातेची नोंद एका राज्यात आणि बाळंतपण दुसऱ्या राज्यात होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रूढीमुळे शेवटच्या महिन्यात एका आशाताईच्या, म्हणजे गावातील आरोग्य कार्यकर्तीच्या, वहीतून नाव सुटते आणि दुसरीच्या वहीत चढेपर्यंत बाळ जन्मलेले असते. पावसाळ्यात नाला भरला की रुग्णवाहिका अलीकडच्या काठावर थांबते. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, मात्र जेथे मोबाइलला रेंज नाही तेथे त्या क्रमांकाचा उपयोग होत नाही. तिसरा विलंब सर्वांत वेदनादायक असतो, कारण तेव्हा कुटुंबाने आपले सर्व कर्तव्य केलेले असते. ग्रामीण रुग्णालयातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून नागपूरला अशी रवानगी होत गेली की प्रत्येक ठिकाणी कागद नवा होतो, आणि बाईचे तास मात्र संपत जातात.

बहुतेक प्रसूती आता दवाखान्यातच होतात, मग प्रश्न उरतो कोठे, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या, आणि २००५ पासूनच्या जननी सुरक्षा योजनेचा व २०११ पासूनच्या मोफत प्रसूतीच्या हमीचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु उरलेल्या पाच टक्क्यांत नेमकी कोण आहेत याचा विचार केला की पोडांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दुसरे असे, की संस्था या एकाच शब्दात तीन खाटांचे उपकेंद्र आणि शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ व रक्ताची सोय असलेले रुग्णालय या दोहोंचा समावेश होतो. अडलेल्या बाळंतपणात पहिले ठिकाण दुसऱ्याकडे पाठवण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही. आणि संस्था स्वतः सुरक्षित असणेही गृहीत धरता येत नाही: ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला लागलेल्या आगीत १० बाळांचा मृत्यू झाला. त्या मातांनी शासनाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट केली होती.

नवजात बालकांच्या प्रश्नाचे सर्वांत मोलाचे उत्तर विदर्भातूनच आलेले आहे, आणि पांढरकवड्याच्या अभ्यासकाला त्यासाठी फार दूर पाहण्याचे कारण नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्या काळी जगातील प्रस्थापित मत असे होते की आजारी नवजात बाळाला रुग्णालयातील अतिदक्षतेशिवाय वाचवता येत नाही. ज्या गावांतून रुग्णालय गाठणेच शक्य नव्हते त्या गावांसाठी या मताचा अर्थ मृत्यूचा स्वीकार एवढाच होता. बंग दांपत्याने १९९३ पासून प्रथम गावातील प्रत्येक जन्म आणि मृत्यू मोजला, बाळे कशाने जातात हे पाहिले, आणि मग ३९ गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले. बाळाचे वजन करणे, ते कोरडे व उबदार ठेवणे, पहिल्या तासात अंगावर पाजणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, एवढ्या या गोष्टी होत्या. जंतुदोष म्हणजे बाळाच्या रक्तात संसर्ग पसरणे. अशा बाळांपैकी सुमारे १७ टक्के दगावत असत, ते प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली आले. तिसऱ्या वर्षाअखेर त्या गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास उतरला, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत तो जवळजवळ होता तेथेच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ साली भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला.

आज पांढरकवड्याजवळच्या कोणत्याही गावात आशाताई दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देते, ती याच प्रयोगाची फलश्रुती आहे. घरी जन्मलेल्या बाळासाठी यात पहिल्या दिवसाची भेट अधिक असते. या कार्यक्रमाच्या विस्तारात जे मिळाले त्याबरोबर काय गळाले, याचाही विचार झाला पाहिजे. गडचिरोलीच्या आरोग्यदूताला सखोल, टप्प्याटप्प्याने आणि हाताला धरून प्रशिक्षण मिळाले होते आणि तिच्या कामाची नियमित तपासणी होत असे. आशाताईवर मात्र लसीकरणापासून सर्वेक्षणांपर्यंत अनेक कामे आहेत आणि तिच्या कमाईचा काही भाग कामागणिक मोबदल्यावर अवलंबून आहे, त्यामुळे सहा भेटी हा सहा रकान्यांचा तक्ता होऊन बसण्याचा धोका सतत राहतो. बाळाला काटा लावून वजन केले की अंदाजाने लिहिले, त्याच्या पायांचा थंडपणा हाताने पाहिला की नाही, बोलावल्यावर डोळे उघडत नाही हे आईने सांगितले तेव्हा कोणी ऐकले का, यांवर त्या बाळाचे आयुष्य अवलंबून असते. वेचणीच्या हंगामातील डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जन्मताच न्हाऊ घातलेले दोन किलोचे बाळ काही तासांत गार पडते. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत बोगोटा येथे १९७८ साली उबपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली आणि आता ती जगातील श्रेष्ठ रुग्णालयांतही वापरली जाते. पोडातील आईसाठी तिच्यापेक्षा अधिक योग्य साधन क्वचितच सापडेल.

गडचिरोलीतील या सर्व कार्याचा पाया मोजणी हाच होता. २००१ साली महाराष्ट्रातील अनेक स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या क्षेत्रांतील बालमृत्यू स्वतः मोजले आणि ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींच्या कितीतरी पटींनी अधिक असल्याचे त्यातून दिसले, आणि त्यानंतर राज्य शासनाला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. नोंदीतील गळती अनेकदा दुष्ट हेतूने होत नाही. जन्मून दोन श्वास घेतलेले आणि गेलेले बाळ मृतजन्म म्हणून लिहिले, की नवजात मृत्यूही टळतो आणि चौकशीही. घरी झालेले बाळंतपण आणि घरीच गेलेले बाळ, दोहोंची नोंद झाली नाही तर आकड्यांच्या दृष्टीने त्या घरात काहीच घडलेले नसते. गर्भारपणातील अथवा बाळंतपणानंतरची आत्महत्या हीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या वर्गीकरणानुसार मातामृत्यूतच मोडते. यवतमाळ जिल्ह्याला आत्महत्येचा प्रश्न फार जवळून ठाऊक आहे, तरी या रकान्याकडे पुरेसे लक्ष जात नाही.

काही गर्भारपणे तर मुद्दामच झाकली जातात. यवतमाळ जिल्ह्यातीलच झरी-जामणी भागातील कुमारी मातांचा प्रश्न अनेक वर्षे सार्वजनिक चर्चेत आहे. त्यात आदिवासी मुलींची फसवणूक आणि शोषण हा मुख्य भाग आहे, पण आरोग्याच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा होतो की दिवस गेल्याचे शेवटपर्यंत लपवणारी मुलगी ना तपासणीला येते, ना तिला लोहाच्या गोळ्या मिळतात, ना तिचा रक्तदाब कोणी पाहते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडून अशाच लपवाव्या लागणाऱ्या गर्भारपणांना निर्भयपणे प्रसूतीची जागा दिली होती. दीडशेहून अधिक वर्षांनंतर महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यात तीच गरज शिल्लक असावी, ही गोष्ट मनाला टोचल्याशिवाय राहत नाही. आनंदीबाई जोशी यांचे पहिले आणि एकमेव मूल अवघ्या दहा दिवसांत गेले होते. त्या १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि प्रसूतिशास्त्र हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. मराठी समाजात माता-बालमृत्यूंचा प्रश्न पूर्वीपासून स्त्रियांच्या शिक्षणाशी आणि प्रतिष्ठेशी जोडलेला आहे, आणि कल्याणकारी योजनांची चौकट आखणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवणे हिताचे ठरेल. उदाहरणार्थ, २०१७ च्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे साहाय्य पहिल्या अपत्यापुरते होते आणि पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास ते वाढवले गेले. चौथ्या खेपेची अशक्त बाई, जिचा धोका पहिलटकरणीहून कमी नसतो, त्या चौकटीबाहेरच राहते.

अशक्तपणाचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. विदर्भातील आदिवासी समूहांत यात सिकलसेल या आनुवंशिक आजाराची भर पडते, ज्यात रक्तातील लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर नष्ट होतात. अशा स्त्रीचा रक्तक्षय लोहाच्या गोळ्यांनी भरून निघत नाही, आणि गर्भारपणात तिला तीव्र वेदनांचे, छातीच्या गुंतागुंतीचे आणि अपुऱ्या वाढीच्या बाळाचे भय अधिक असते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक असते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने तपासणीला वेग दिला आहे. परंतु तपासणीचे कार्ड हातात असलेली गरोदर स्त्री आधीपासून ओळखून तिच्यासाठी रक्ताची तजवीज ठेवणे हे काम स्थानिक रुग्णालयाचेच आहे. महिना-दोन महिने पार केलेल्या बालकांचे मुख्य शत्रू न्यूमोनिया, अतिसार आणि कुपोषण हे आहेत. त्यांवरील उपाय, म्हणजे वेळीच दिलेले प्रतिजैविक, क्षारसंजीवनी व जस्ताच्या गोळ्या आणि अंगणवाडीतून व अमृत आहार योजनेतून मिळणारे पूरक अन्न, बहुतेकांच्या परिचयाचे असल्याने त्यांचा येथे विस्तार केलेला नाही.

प्रत्येक मातामृत्यूचे अन्वेषण करावे, म्हणजे घरी जाऊन आणि रुग्णालयातील कागद पाहून विलंब कोठे झाला हे निश्चित करावे, अशी पद्धत शासनाने लागू केलेली आहे. तिचे यश दोन अटींवर अवलंबून आहे. पहिली अशी, की ज्या आरोग्य सेविकेला किंवा आशाताईला खरे सांगितल्याबद्दल नोटीस मिळण्याची भीती असेल ती खरे सांगणार नाही, म्हणून चौकशीचा हेतू दोषी शोधण्याचा नसून रस्ता शोधण्याचा आहे हे लेखी आणि कृतीने दिसले पाहिजे. दुसरी अट अशी, की चौकशीचा निष्कर्ष ज्या खात्याच्या हाती उपाय आहे त्याच्यापर्यंत गेला पाहिजे: पोडाचा रस्ता बांधकाम विभागाकडे, उपकेंद्राची अखंड वीज वीज वितरण कंपनीकडे, गरोदर मातेच्या स्थलांतराची माहिती आदिलाबादच्या आरोग्य यंत्रणेकडे, आणि कोलामी बोलणारी मदतनीस नेमण्याचा प्रस्ताव आदिवासी विकास प्रकल्पाकडे. या खात्यांची एकत्रित बैठक पांढरकवड्यात दर महिन्याला होऊ शकते, तिला लागणारे जवळजवळ सर्व अधिकारी त्याच गावात अथवा जिल्ह्यात बसतात, आणि गेल्या महिन्यात दगावलेल्या बाळांच्या आणि मातांच्या हकिकती तिच्यासमोर मांडण्यासाठी कोणत्याही नव्या योजनेची अथवा निधीची वाट पाहावी लागत नाही.